कॉलेज फुटबॉल दाखवणारी एक स्ट्रीमिंग सेवा

हंगामाच्या सुरुवातीला मुंबईत शनिवारी रात्री ९.३० पासून अमेरिकन कॉलेज फुटबॉल दाखवणाऱ्या या सेवेचे खरे मोल निरनिराळ्या कॉन्फरन्सचे, म्हणजे आपसात स्पर्धा खेळणाऱ्या कॉलेज संघांच्या गटांचे, सामने सलग पाहता येण्यात आहे. नियमपुस्तक एकच असले, तरी पंचांची पथके प्रत्येक कॉन्फरन्स स्वतः नेमते. त्यातच पास झेलणाऱ्याला अडथळा आणल्याची शिक्षा, पास कितीही लांब असला तरी, फार तर १५ यार्डांची असल्यामुळे, पंच जिथे धसमुसळेपणाकडे काणाडोळा करतात तिथे बचावपटू बिनधास्त अंगाला भिडतात आणि प्रतिस्पर्ध्याला लांब पास टाळून चेंडू घेऊन धावण्यावर भर द्यावा लागतो. रिप्लेमध्ये जर्सीत रुतलेली बोटेसुद्धा स्पष्ट दिसतात. पथक कोणत्या कॉन्फरन्सचे, हे मात्र पडद्यावर कुठेच येत नाही, आणि ही उणीव मला फार खटकते.