गाडीला रॅप की नवा रंग? आधी खालचा रंग बघा

गाडीचा रंग बदलायचा विचार आला की चौकशी सुरू होते ती खर्चाची आणि किती वर्षं टिकेल याची. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत, पण माझ्या मते ते नंतरचे. आधी बघायचं ते आज गाडीवर असलेल्या रंगाची तब्येत. तो धड असेल तर रॅप, म्हणजे रंगावर चिकटवायची विनाइलची (प्लॅस्टिकची) रंगीत फिल्म. तो उडालेला असेल, पत्रा गंजायला लागला असेल, तर पेंटिंग. बहुतेकांचा निर्णय इथेच लागतो.

याचं कारण कारखान्यात रंग कसा बसतो त्यात आहे. तिथे बॉडी नुसती असते. सीट, वायरिंग, काचा, रबर काहीच बसवलेलं नसतं. ती प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने प्रायमर पत्र्याच्या पोकळ भागांपर्यंत जाऊन बसतो. त्यावरचे थर भट्टीत भाजले जातात, साधारण १४० अंश सेल्सिअसला. तयार गाडी इतक्या उष्णतेत ठेवता येत नाही, प्लॅस्टिक आणि इलेक्ट्रॉनिक्स जळेल. म्हणून रिपेंटचा बूथ ६० अंशांच्या आसपास चालतो आणि रंग घट्ट होतो तो त्यात मिसळलेल्या हार्डनरमुळे. चांगल्या कारागिराने केलेलं असं काम १० वर्षंही सहज टिकतं. पण मूळ रंग एकदा घासला की तसाच परत कुठेही मिळत नाही. म्हणून ज्या गाडीचा रंग चांगला आहे, तिला केवळ हौसेसाठी पॉलिश पेपर लागू देऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

गाडी विकतानाही याचा फरक पडतो. कारखान्यातल्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. जाणकार खरेदीदार जाडी मोजायचा मीटर लावतो आणि आकडा बराच वर दिसला की अपघाताची शंका घेतो, मग तुम्ही कितीही सांगा की फक्त रंग बदलला होता. रॅप मात्र काढता येतो आणि खालचा रंग ऊन-धुळीपासून वाचलेला असतो.

आता रॅपची दुसरी बाजू. फिल्म पातळ असते, बहुतेक १०० मायक्रॉनच्या आतबाहेर. खालचा पोचा, खडबडीत पुट्टी, उडालेल्या रंगाची कड हे सगळं ती झाकत नाही, चकचकीत फिल्ममधून तर अधिकच उठून दिसतं. गंज तर झाकूच नये, तो आत वाढत राहतो. आणि क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, सुटायला लागलेला असेल तर काही वर्षांनी रॅप ओढताना तोही फिल्मबरोबर निघून येतो. म्हणजे रॅपचे पैसे गेले आणि रंगकाम करावं लागलं ते लागलंच. जुनी, रंग गेलेली गाडी स्वस्तात सजवायला रॅप करणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच.

तपासणी घरीच करता येते. गाडी स्वच्छ धुवा आणि उन्हात टप आणि बोनेट बघा, कारण ऊन सगळ्यात जास्त तिथे बसतं. पांढुरके डाग किंवा पापुद्रे दिसले तर क्लिअर कोट गेला. चाकांच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा हाताने चाचपा. फुगवटे लागले तर आत गंज आहे. एखादा भाग पूर्वी रंगवलेला असेल तर रॅपवाल्याला आधीच सांगा. फिल्म काढताना रंग निघण्याचा धोका तिथे जास्त असतो.

टिकण्याच्या बाबतीत पेंटच पुढे आहे. चांगला रॅप उभ्या भागांवर साधारण ५ ते ७ वर्षं जातो, टप आणि बोनेटवर त्याहून कमी, आणि क्रोमसारख्या फिल्म त्याहूनही लवकर खराब होतात. उघड्यावर, कडक उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर यातलीही काही वर्षं वजा धरा. मुदत संपल्यावर रॅप तसाच ठेवणं महागात पडतं. फिल्म ठिसूळ होऊन तुकड्यातुकड्यांनी निघते, गोंद मागे राहतो आणि तो काढण्याची मजुरी वेगळी.

फिल्मची जात नक्की विचारा. विनाइल दोन तऱ्हेचं असतं, कास्ट आणि कॅलेंडर्ड. कास्ट द्रवरूपात ओतून बनवतात, त्यामुळे त्यात ताण नसतो आणि बंपरच्या वळणांवर ते बसून राहतं. कॅलेंडर्ड रोलरखाली दाबून पसरवलेलं असतं. ते पुन्हा आक्रसायला बघतं आणि खोलगट जागी, कडांना सुटतं. पूर्ण गाडीसाठी कास्टच घ्यावं. दोन दरपत्रकांत मोठी तफावत असेल तर बहुधा ती इथेच सापडते.

पेंटच्या दरपत्रकातही अशीच एक जागा असते: दाराच्या आतल्या चौकटी, डिकीची कड, बोनेटची आतली बाजू. रंग पूर्ण बदलायचा तर हे सगळं उघडून रंगवावं लागतं आणि काम दोन-तीन आठवड्यांवरही जातं. स्वस्त कामात या जागा सोडून देतात. रॅपमध्ये तर त्या सहसा जुन्याच रंगाच्या राहतात. पांढऱ्या गाडीवर काळा रॅप केला तर दार उघडताच पांढरं दिसणार. हे ज्याला खटकेल त्याने फार लांबचा रंग निवडू नये.

मॅट फिनिश हवा असेल तर मात्र मला रॅपच सोयीचा वाटतो. मॅट रंगाला पॉलिश चालत नाही, एक ओरखडा गेला तरी अख्खा पॅनेल पुन्हा मारावा लागतो. फिल्म तेवढ्याच पॅनेलची बदलता येते, जरी जुन्या आणि नव्या फिल्मच्या छटेत थोडा फरक दिसू शकतो. याउलट खोल, आरशासारखी चकाकी हवी असेल तर जवळून बघितलं तर विनाइल चांगल्या पेंटची बरोबरी करत नाही. शिवाय क्लिअर कोटवरचे बारीक ओरखडे पॉलिशने जातात. विनाइलवर तशी दुरुस्ती होत नाही.

उडणाऱ्या खड्यांपासून रंग वाचवणं एवढाच हेतू असेल तर या दोन्हींपेक्षा पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) बघा. ती पॉलियुरेथेनची, १५० ते २०० मायक्रॉनची फिल्म असते आणि मार सोसायलाच बनवलेली असते.

काही पॅनेल खराब आणि बाकी गाडी चांगली, अशी मधली अवस्थाही असते. तेवढे पॅनेल मूळ रंगात करून घ्या आणि वर रॅप हवाच असेल तर काही आठवडे थांबा. ताज्या रंगातून सॉल्व्हंट बाहेर पडत असतं. त्यावर लगेच फिल्म चढवली तर बुडबुडे येतात. गाडीच्या नोंदणीच्या कागदांत रंग लिहिलेला असेल तर रॅप असो वा पेंट, तो बदलण्याचा नियम आधी बघा आणि विमा कंपनीलाही कळवा.

रॅप ठरलाच तर कारागिराला एक गोष्ट विचारा: फिल्म गाडीवर ब्लेडने कापणार की कापायचा धागा असलेली टेप वापरणार? ब्लेड जरा खोल गेलं तर क्लिअर कोट चिरला जातो, कधी पत्र्यापर्यंतही. ती चीर रॅप काढेपर्यंत दिसत नाही, म्हणून हे विचारायचं ते काम सुरू होण्याआधीच.