स्नेफेलची डोंगरगाडी: आभाळ बघून तिकीट काढा

ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर गेलात तर लॅक्सी गावाहून सुटणारी ही विजेची गाडी चुकवू नका. १८९५ पासून धावतेय, डबे लाकडी. अर्ध्या तासात ६२१ मीटर उंच स्नेफेलवर नेऊन सोडते. दोन रुळांच्या मधोमध तिसरा रूळ आहे, उतारावर ब्रेक लावायला. मला तर शिखरापेक्षा तोच बघण्यात जास्त रस! खाली दरीत लॅक्सीचं १८५४ चं अवाढव्य पाणचक्र दिसतं. हवा स्वच्छ असेल तर वरून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड सगळं दिसतं म्हणे. आम्हाला धुकं दिसलं. त्यात गाडीचा काय दोष?

गाडी सरकारी आहे, पण सरकार लंडनचं नव्हे. राजा ब्रिटनचाच, तरी हे बेट युनायटेड किंग्डममध्ये मोडत नाही. वस्ती जेमतेम ८४ हजार, आणि टिनवाल्ड ही स्वतःची संसद हजारेक वर्षं जुनी! नोटाही स्वतःच्याच. त्या मात्र बेटावरच संपवा, इंग्लंडात दुकानदार सहसा घेत नाहीत. आणि हिवाळ्यात जाऊ नका, गाडी बंद असते.