वॅक्सच्या आधी आयर्न रिमूव्हर की क्ले बार?

गाडी धुतल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून फिरवा, खरखर लागली की समजायचं रंगावर कण चिकटलेत, वॅक्सच्या आधी नुसत्या शाम्पूने भागणार नाही. आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रे) मारला की ब्रेकची लोखंडी धूळ जांभळी होऊन ओघळते, घासायची कटकट नाही, पण वास अगदी सडक्या अंड्यांचा, आणि तापलेल्या पत्र्यावर मारायचा नाही, सुकायच्या आत धुवून टाकायचा. झाडाच्या चिकाला मात्र तो काहीच करत नाही, तिथे क्ले बारच (चिकटलेली घाण उचलणारी मातीसारखी मऊ वडी), भरपूर ल्युब (वडी सहज सरकावी म्हणून मारायचा द्रव) मारून, हलक्या हाताने. माझा क्लेचा तुकडा एकदा खाली पडला तर मी शहाण्याने पुसून परत वापरला, काळ्या दारावर ओरखडे अजून दिसतात. पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके (लोखंडी धुळीचा गंज) असतील तर आधी रिमूव्हरच, मग उरलेल्या खरखरीपुरता क्ले.