एच अँड एन फिनाले मॅच: १० मीटर एअर रायफलसाठी पेलेट

नाशिकमध्ये स्पर्धेसाठी सराव करणाऱ्यांनी ०.५३ ग्रॅमचं हे पेलेट, म्हणजे शिशाचा छर्रा, जरूर वापरावं. सपाट तोंडामुळे कागदी टार्गेटवर स्वच्छ गोल भोक पडतं. घुमटाकार पेलेट कागद फाडतं आणि गुण मोजताना वाद होतो. १० गुणांचा ठिपका जेमतेम ०.५ मिमीचा, म्हणून पेलेटच्या डोक्याचा व्यास महत्त्वाचा. ४.४९ आणि ४.५० मिमी, दोन्ही आणा. रायफल शिकंजात पक्की धरून प्रत्येकी दहा झाडा. ज्याच्या भोकांचा गट लहान तोच आकार तुमच्या नळीचा. मित्राच्या रायफलीवरून ठरवू नका. शिसं मऊ असतं. डबा आपटला की मागचा घेर चेपतो, हवा निसटते, नेम भरकटतो. असे दाणे निवडून काढाच. पावसाळ्यात झाकण घट्ट हवं, नाहीतर शिशावर पांढरी भुकटी चढते. आणि शिसं लागलेले हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका.