टेस्ट बटन दाबून दाखवलं आणि मी सही केली

तासगाव भागात आमचं बेदाण्याचं छोटं युनिट आहे, धुणं, ग्रेडिंग, पॅकिंग असं सगळं एकाच शेडमध्ये. गेल्या वर्षी पत्र्यावर २५ किलोवॅटचं सोलर बसवलं आणि त्याच कॉन्ट्रॅक्टरकडून आतलं सगळं जुनं वायरिंग काढून नवीन डीबी (ब्रेकरची पेटी), नवीन अर्थिंग करून घेतलं. काम दिसायला इतकं झकास होतं की येणारा जाणारा विचारायचा कुणी केलं म्हणून, आणि मी त्याचा नंबर देत होतो. तेच आता झोप लागू देत नाही, कारण माझ्या शब्दावर अजून दोन युनिटवाल्यांनी त्यालाच काम दिलं.

शॉकपासून वाचवणाऱ्या उपकरणांत आमची कशी फसवणूक झाली ते सविस्तर लिहितोय. कुणाचं नाव घेणार नाही, नाव कळून उपयोग पण नाही, असं काम करणारे बरेच आहेत.

कोटेशनमध्ये लिकेजच्या, म्हणजे वाट सोडून गळणाऱ्या करंटच्या, संरक्षणाचं वेगळं पान होतं. सोलरच्या एसी बाजूला एक आणि धुण्याच्या मशीनच्या ड्राइव्हला (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) एक, असे दोन टाइप बी आरसीसीबी, म्हणजे लिकेज झालं की सप्लाय तोडणारे स्विच, एकाला २६ हजार रुपये. ग्रेडिंग टेबल, प्रेशर पंप आणि बाकीच्या सॉकेटसाठी चार आरसीसीबी, ३० मिलिअँपचे, म्हणजे तेवढ्या लिकेजला पडणारे, टाइप ए. मी विचारलं एवढे महाग कशाला, तर म्हणाला शेठ तुमच्याकडं बायका ओल्या फरशीवर काम करतात, इथं पैसे वाचवू नका. मला ते पटलं. खरंच पटलं, कारण तो म्हणत होता ते शंभर टक्के बरोबर होतं, फक्त त्यानं ते बसवलं नाही.

काम संपल्यावर प्रत्येक डीबीसमोर उभं राहून त्यानं टेस्टचं बटन दाबून दाखवलं. खट्ट करून आरसीसीबी खाली, परत वर, परत दाबलं परत खाली. सहाच्या सहा. मग एक छापील फॉर्म पुढं केला, त्यावर लिहिलेलं की सर्व संरक्षण उपकरणं ग्राहकासमोर टेस्ट करून दिली, चालू स्थितीत मिळाली. मी सही केली, उरलेले पैसे त्याच संध्याकाळी ट्रान्सफर केले.

पावसाळ्यात एक दिवस क्रेट धुताना आमच्या मावशींना प्रेशर पंपाच्या गनमधून शॉक बसला. हात आखडला, गन खाली पडली, त्या मागं भिंतीला जाऊन टेकल्या. दवाखान्यात नेऊन ईसीजी काढला, देवाच्या कृपेनं सगळं नीट होतं. पण माझ्या डोक्यात एकच, आरसीसीबी पडला का नाही? डीबी उघडून बघितली तर तो जागेवर, वर, चालू. टेस्ट बटन दाबलं तर लगेच पडला. म्हणजे चालू तर आहे! कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला, तो म्हणाला पावसाचं असं होतंच शेठ, ओल असते, किरकोळ झिणझिण्या येतात, मावशींना बूट घालायला सांगा.

मावशी मला म्हणाल्या, दादा झिणझिण्या आणि झटका मला कळतो, मी वीस वर्षं पाण्यात काम करत्ये. त्या वाक्यानंतर मी पंप बंद ठेवला आणि माझ्या भाच्याला बोलावलं. तो पुण्याकडं एका कारखान्यात इलेक्ट्रिकल टेस्टिंगला आहे, येताना कंपनीतून परवानगी काढून आरसीसीबी टेस्टर, अर्थ टेस्टर आणि लिकेज मोजायचा क्लॅम्प मीटर घेऊन आला.

पंपाच्या बोर्डवर त्यानं टेस्टर ३० मिलिअँपला लावला. पडला नाही. मग हळूहळू करंट वाढवत न्यायची टेस्ट लावली. ५०, १००, १५० काही नाही, २१५ ला गेल्यावर खट्ट. मामा हा ३० चा नाहीये, ३०० चा आहे, म्हणाला. मी म्हटलं बिलावर ३० आहे. त्यानं टॉर्च मारून आरसीसीबीच्या तोंडावरची बारीक अक्षरं वाचायला लावली. तिथं अँपिअरमध्ये लिहिलेलं, ०.३ ए. ३० मिलिअँपवाल्यावर ०.०३ ए असायला पाहिजे. बिलात ०.०३ आणि मालावर ०.३, मधल्या एका शून्याचा खेळ. चारही तसेच. बाहेर डीबीच्या दारावर मात्र छान छापलेलं लेबल, ३० मिलिअँप.

मग टेस्ट बटन का चाललं? हेच मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून थोडं नीट सांगतो. ते बटन दाबलं की आतल्याच एका रेझिस्टन्समधून त्या आरसीसीबीला पाडायला पुरेल एवढा करंट सोडला जातो, ३०० वाल्यात ३०० च्या हिशोबाचा, ३० वाल्यात ३० च्या. म्हणजे यंत्रणा जाम झालेली नाही एवढंच कळतं. किती लिकेजला पडतो ते कळत नाही, कुठला टाइप आहे ते कळत नाही, आणि अर्थिंग आहे की नाही हे तर अजिबातच कळत नाही, अर्थिंगची वायर तोडून टाकली तरी बटन दाबल्यावर तो पडणारच. मी बटनाला परीक्षा समजत होतो.

३०० चा आरसीसीबी म्हणजे खोटा माल असंही नाही, हे भाच्यानं स्पष्ट सांगितलं. तो आगीपासून वाचवायला, मेन लाइनला लावतात. पण माणसाचा जीव वाचवायचा तर ३० किंवा त्याच्या आत, कारण ओल्या माणसाच्या अंगातून ५०-१०० मिलिअँप गेला तरी हृदय बंद पडू शकतं आणि ३०० वाला तेवढ्याला हलत सुद्धा नाही.

मग त्यानं अर्थिंगचं चेंबर उघडायला सांगितलं. वर कास्ट आयर्नचं झाकण, त्यावर रंगानं नंबर, पिट १, पिट २, पिट ३. पिट २ खोदलं तर जीआय पट्टी दीड-दोन फुटावर दगडमातीत नुसती खोचलेली, खाली पाइप नाही, काही नाही. अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजला तर २६० ओहम. पंपाच्या वाइंडिंगला ओल लागून १२० मिलिअँप लिकेज होतं, ते २६० ओहमनं गुणा, पंपाच्या बॉडीवर ३१ व्होल्ट होतात. कोरड्या हाताला जाणवणारही नाही कदाचित, पण ओले हात, अनवाणी पाय, लोखंडी गन. एमसीबीचा, म्हणजे जास्त करंटला पडणाऱ्या ब्रेकरचा, तर विषयच नाही, पूर्ण फेज जरी पंपाच्या बॉडीला चिकटली असती तरी २३० भागिले २६०, एक अँपसुद्धा नाही, १६ अँपचा एमसीबी त्याला लोड समजून दिवसभर चालू राहिला असता.

आता ते दोन २६ हजारवाले. आरसीसीबीच्या तोंडावर एक छोटा चौकोन असतो. त्यात नुसती एक नागमोडी रेघ असेल तर टाइप एसी, सगळ्यात साधा. नागमोडीच्या खाली अर्ध्या अर्ध्या लाटा असतील तर टाइप ए. त्याच्या जोडीला अजून एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर टाइप बी. आमच्या दोन्हीवर नुसती नागमोडी रेघ. टाइप बी साध्यापेक्षा कितीतरी पट महाग असतो, तो सगळा फरक त्याच्या खिशात गेला.

पैशापेक्षा वाईट वेगळंच आहे. साध्या आरसीसीबीच्या आत एक रिंगसारखी कॉइल असते, जाणारा आणि येणारा करंट सारखा नसला की तिच्यात व्होल्टेज तयार होतं आणि तो पडतो. पण हे बदलत्या करंटवर चालतं. ड्राइव्हच्या आत एसीचं डीसी होतं, तिथं काही बिघडलं तर लिकेज सपाट डीसी असू शकतं, आणि सपाट डीसी त्या रिंगला दिसत नाही. इतकंच नाही, ते डीसी रिंगला भरून टाकतं, मग मागून साधं एसी लिकेज आलं तरी तो पडेलच याची खात्री नाही. म्हणजे बसवलेला दिसतो, बटन दाबलं की पडतो, आणि खऱ्या वेळी आंधळा. आमच्या ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये टाइप बी लावा असं सरळ लिहिलेलं होतं, पुस्तक प्लास्टिकमध्ये तसंच पॅक, मी फोडलं पण नव्हतं.

सोलरच्या बाजूला अजून मजल गाठलेली. आमच्या इन्व्हर्टरच्या (पॅनलच्या डीसीचं एसी करणारं यंत्र) मॅन्युअलमध्ये लिहिलंय की आतच लिकेजवर नजर ठेवणारं युनिट आहे, बाहेर टाइप ए ३०० मिलिअँप पुरतो, टाइप बीची गरज नाही. म्हणजे नको ती महाग वस्तू विकली आणि बसवताना जी चालणार नाही ती स्वस्त बसवली. सगळ्या इन्व्हर्टरला असं चालत नाही, ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरला कंपनीनं तसं लिहून दिलं असेल तरच टाइप ए, नाहीतर बी. त्यामुळं कोटेशन घ्यायच्या आधी इन्व्हर्टरचा मॉडेल नंबर ठरवा आणि त्याचं मॅन्युअल मागून ते पान स्वतः वाचा. इन्व्हर्टरच्या लाइनला ३० मिलिअँपचा लावून पण उपयोग नाही, पॅनल ओले असले की थोडं लिकेज असतंच, सारखा पडत राहणार आणि मग कंटाळून कुणीतरी तो बायपास करणार.

भाचा तेव्हा बेकर्सफील्डचं सांगत होता, कॅलिफोर्नियात. २००९ च्या एप्रिलमध्ये तिथं ३८३ किलोवॅटच्या छपरावरच्या सोलरला आग लागली. तिकडं डीसीची एक बाजू अर्थ केलेली असायची आणि त्यात ग्राउंड फॉल्टचा, म्हणजे अर्थला करंट गळाला की उडणारा, फ्यूज. पहिला फॉल्ट अर्थ केलेल्या वायरमध्येच झाला, करंट कमी, फ्यूजला कळलंच नाही, तसाच पडून राहिला. मग दुसऱ्या वायरमध्ये फॉल्ट झाला, फ्यूज उडाला, पण करंट पहिल्या फॉल्टच्या वाटेनं चालूच राहिला. संरक्षण होतं, पण त्याला न दिसणारी जागा होती. ऐकताना मला आमची सहा बटनं आठवत होती.

कॉन्ट्रॅक्टर आला, सगळं बघितलं, आणि पहिलं वाक्य काय तर, शेठ टेस्ट करून दिलं होतं, तुमची सही आहे. मग म्हणाला डीलरनं चुकीचा माल दिला असेल. मी विचारलं डीलरनं दारावरची लेबलं पण छापून दिली का, आणि पिटमध्ये पाइप पण डीलरनंच घातला नाही का? त्यावर उत्तर नाही. शेवटी ४० हजार परत दिले, बाकीचे बघू म्हणाला, आता फोन उचलत नाही. वकिलाचं म्हणणं, ग्राहक आयोगात आधी यावरच वाद होईल की खरेदी व्यापारासाठी आहे, स्वतःच्या पोटापाण्याचा धंदा आहे हे दाखवावं लागेल. ते चालू आहे.

आता मी काम कसं करून घेतलं ते सांगतो. माल साइटवर पॅकबंद मागवला, डीबीत बसायच्या आधी प्रत्येकाच्या तोंडाचा फोटो काढला, ०.०३ आणि चौकोनातल्या रेघा दिसतील असा. आयएसआय मार्कच्या वर आयएस १२६४० आणि खाली सीएम/एल म्हणजे लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतंय का बघितलं. बिलात नुसतं आरसीसीबी लिहू दिलं नाही, पोल, अँप, मिलिअँप, टाइप, मॉडेल नंबर सगळं. अर्थिंगचा पाइप खड्ड्यात उतरताना मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो. ड्राइव्हच्या लाइनचं नेहमीचं लिकेज आधी मोजलं, ८ मिलिअँप आलं, म्हणून तिथं ३० चा टाइप बी निवांत टिकतोय. आणि शेवटचे पैसे टेस्टरच्या रीडिंगवर अडवून ठेवले होते, किती मिलिअँपला पडला आणि किती मिलिसेकंदात, प्रत्येक डीबीच्या दाराला आतून तो कागद चिकटवलाय. पंपाच्या बोर्डवर लिहिलंय २२ मिलिअँप, २८ मिलिसेकंद. मावशींना तो कागद वाचून दाखवला, त्यांनी विचारलं २८ मिलिसेकंद म्हणजे किती, म्हटलं पापणी लवायच्या आत.

ज्या दोघांना मी त्याचा नंबर दिला होता त्यांच्याकडं परवा जाऊन आलो. एकाकडं दारावर ३० आणि आत ०.३. दुसऱ्याकडं तर आरसीसीबीच्या जागी नुसता चार पोलचा आयसोलेटर, म्हणजे हातानं चालू-बंद करायचा साधा स्विच, त्याला टेस्ट बटनच नाही. रविवारी भाचा टेस्टर घेऊन परत येतोय, तोपर्यंत धुण्याच्या जागेचा सप्लाय चालू करू नका असं दोघांना सांगितलंय.