आईचं जीपीएस घड्याळ: आठेक महिन्यांच्या वापरानंतर

आई गोव्यात म्हार्दोळला, मी पुण्यात. तिला अल्झायमर आहे. घरी सांभाळायला एक ताई असतात, तरी दिवेलागणीच्या सुमारास आईची घालमेल सुरू होते आणि ती ‘घरी जाते’ म्हणून निघते. घर म्हणजे पेडण्याचं माहेर. हमरस्ता जवळ, आणि फोंडा-पणजी रस्त्यावर गाड्या कशा सुटतात ते गोंयकाराला सांगायला नको. म्हणून सिमकार्डवर चालणारं घड्याळ घेतलं.

आई शाळेत शिकवायची, डाव्या हाताला घड्याळ कायम असायचं. त्यामुळे तिने ते सहज घालून घेतलं. ज्यांना अशी सवय नाही ते लोक काढून फेकतात, हे आधी लक्षात घ्या.

उघड्यावर ठिकाण चांगलं दाखवतं. घरात मात्र उपग्रहाचा सिग्नल मिळाला नाही की ते मोबाइल टॉवरच्या अंदाजावर जातं, आणि आई खाटेवर असताना नकाशावर शेतात दिसते. म्हणून जी ओलांडली की फोनवर इशारा येतो ती हद्द अगदी आवळून ठेवू नका. खोटे इशारे इतके येतात की खऱ्याकडेही दुर्लक्ष होऊ लागतं. बॅटरी सतत ठिकाण पाठवण्यात संपते. दुपारी आई झोपली की ताई चार्जिंगला लावतात, म्हणजे संध्याकाळी पूर्ण भरलेली असते. फोन आपोआप उचलण्याची सोय आम्ही बंदच केली. हातातून आवाज आला की आई घाबरून घड्याळ ओढायला लागायची.

पण खरी गोष्ट इशारा कुणाला जातो ही आहे. मला पुण्यात कळून मी काय करणार? तो आता शेजारच्या मुलाच्या फोनवरही जातो, आणि मी लगेच देवळाजवळ जायांची फुलं विकणाऱ्या मावशींना फोन लावते. त्या आईला अडवत नाहीत, कुठे चाललात म्हणून विचारतही नाहीत. “बाई, बस गेली. च्या घेवन वचात,” (चहा घेऊन जा) एवढंच म्हणतात. आई बसते, फुलं हातात घेते, ओवायला लागते. तेवढ्यात ताई पोचतात. या मावशींचे उपकार कुठल्याही ॲपला फेडता येणार नाहीत.

एक अनपेक्षित फायदाही झाला. एका आठवड्यात आईच्या रात्रीच्या हालचाली अचानक वाढलेल्या दिसल्या, बोलणंही एकदम तुटक झालं. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली, संसर्ग निघाला. अल्झायमरसारखा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) हळूहळू वाढतो. दोन-तीन दिवसांत गोंधळ एकदम वाढला तर ‘आजारच तसा’ म्हणून थांबू नका, तपासून घ्या.

घेताना ४जी मॉडेलच बघा. लहान मुलांची स्वस्त घड्याळं बरीचशी २जीवर चालतात आणि जिओला २जी नाहीच. आणि ऑर्डर देण्याआधी पाच मिनिटांत आईपर्यंत चालत पोचेल असं माणूस ठरवा. तसं कुणी नसेल तर आधी ते शोधा, घड्याळ नंतर घ्या.