मागचे शॉकअप घरी, पुढचे मेस्त्रीकडं? बेळगावकडच्या गाडीवाल्यांसाठी तुलना

दसरा-दिवाळीच्या दिवसांत बेळगावात कुठल्याही गॅरेजात डोकवा, एक तरी गाडी शॉकअपसाठी (शॉक ॲब्सॉर्बर) उभी असतेच. चार महिने जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटानं गोव्याला ये-जा, नाहीतर खानापूर-रामनगर-अनमोड, आणि तिकडं निपाणी-चिकोडी-हुक्केरीकडं पावसातून जे काही डांबर वाचतं ते मग उसाच्या ट्रॉल्या संपवतात, वर प्रत्येक गावच्या वेशीत एक हंप, तोही पट्टे न मारलेला. मन्रोसारखी कंपनी ८०,००० किलोमीटरला बदला म्हणते, पण या रस्त्यांवर तेवढं थांबायची पाळी प्रत्येकाला येत नाही.

मग विचारणं सुरू होतं, घरी बदलता येईल का, की मेस्त्रीकडं टाकू, की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला? माझं म्हणणं असं की ही तुलनाच एक पायरी चुकवून सुरू होते. आधी पुढचे बदलायचे की मागचे ते ठरवा. नाव दोन्हीला शॉकअपच आहे पण काम म्हणून बघितलं तर दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, आणि घर की गॅरेज याचं अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

त्याच्याही आधी, शॉकअपच गेलाय हे नक्की करा. "गाडी मागनं बसलीय, शॉकअप गेला" हे मी लई वेळा ऐकलंय, आणि ते बहुतेक वेळा चूक असतं, कारण गाडीचं वजन शॉकअप उचलतच नाही, ते स्प्रिंग उचलते. सौंदत्तीच्या यल्लम्माला पाच सीटच्या गाडीत आठ जण आणि डिकीत नैवेद्याची भांडी भरून गेलात तर गाडी बसणारच, त्यात शॉकअपची चूक नाही. शॉकअपचं काम म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उसळते तिला आवरायचं. आतलं तेल बारीक भोकांतून आणि व्हॉल्व्हमधून ढकललं जातं, उसळीची ताकद उष्णतेत जाते, बॉडी गरम होते, एवढंच. तेल गळालं किंवा व्हॉल्व्ह झिजले की आवरणारं कुणी राहत नाही आणि हंपनंतर गाडी दोन-तीनदा डोलते, ब्रेक मारला की नाक खाली घालते, वळणावर अंग टाकते. टायरवर हात फिरवला तर एकाआड एक खळगे लागतात. गाडीचा कोपरा दाबून सोडायची टेस्ट सगळे करतात, ती वाईट नाही, पण त्यात पूर्ण मेलेला शॉकअपच सापडतो, अर्धमेला पास होतो. त्यापेक्षा वाकून बॉडी बघा, नुसती ओलसर धूळ असेल तर लगेच घाबरू नका, तेलाचा ओघळ असेल तर मात्र गेला. आणि खडखड आवाज येतोय पण गाडी डोलत नाही, असं असेल तर लिंक रॉड (सस्पेन्शनची जोडदांडी) आणि बुश (सांध्यातलं रबर) आधी तपासा, ते स्वस्तात होतं.

आता मागचे. स्विफ्ट किंवा ग्रँड आय टेनसारख्या गाडीत मागं स्प्रिंग वेगळी बसलेली असते आणि शॉकअप वेगळा, त्याला खाली एक बोल्ट आणि वर एक नट, झालं. वरचा नट काही गाड्यांत चाकाच्या कमानीत असतो, काहींत डिकीतल्या प्लॅस्टिक कव्हरच्या आत. ओम्नी किंवा बोलेरोला मागं पाटे (लीफ स्प्रिंग) असतात, तिथं तर शॉकअप उघडाच दिसतो. स्प्रिंग दाबायची गरज नाही आणि साधारणपणे अलाइनमेंटही, म्हणजे चाकांचे कोन, हलत नाही. म्हणून हे काम घरी होतं. फक्त एकदा चाकाआड वाकून खात्री करा, कारण काही गाड्यांत मागंही स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते आणि तसं असेल तर तो "मागचा" नाही, आपल्या हिशोबात तो "पुढचा"च धरायचा.

पुढचा म्हणजे स्ट्रट. स्प्रिंग, शॉकअप, वरचं माउंटिंग आणि बेअरिंग सगळं एका दांड्यावर, आणि स्प्रिंग त्यात दाबून बसवलेली. वरचा मधला नट स्प्रिंग न आवरता सोडला तर ती जे काय उडवेल ते तोंडावर येतं, आणि ही माणूस दगावण्याइतकी ताकद असते. त्यासाठी स्प्रिंग कंप्रेसर लागतो, तोही चांगला. शिवाय ब्रेकची होज, एबीएसची वायर, लिंक रॉड, नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) दोन जाड बोल्ट, आणि सगळं झाल्यावर अलाइनमेंट करावीच लागते. घरी होतच नाही असं नाही, करणारे करतात, पण पहिल्यांदाच पाना हातात घेणाऱ्यानं इथनं सुरुवात करू नये. मध्यम मार्ग एक आहे, स्प्रिंग-माउंटिंगसकट जोडलेला आख्खा स्ट्रट मिळाला तर कंप्रेसर लागत नाही, पण आपल्याकडं प्रत्येक गाडीला तो मिळेलच असं नाही आणि अलाइनमेंट तरीही सुटत नाहीच.

पैशाचं बोलूया, कारण "घरी केलं तर पैसे वाचतात" हे सगळ्यात आधी येतं. खरं सांगायचं तर मागच्या जोडीची मजुरी साध्या मेस्त्रीकडं शेकड्यांत असते. आणि घरी करायचं म्हटलं तर ट्रॉली जॅक, दोन जॅक-स्टँड, गोटी पान्यांचा बरा सेट, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना), याची बेरीज केलीत तर मजुरी कितीतरी वेळा भरून निघेल. गाडीबरोबर आलेला जॅक धरू नका, तो पंक्चर काढण्यापुरता आहे. म्हणजे हत्यारं आधीच घरात असतील किंवा भावाकडनं-शेजाऱ्याकडनं मिळत असतील तरच घरचा पर्याय स्वस्त, नाहीतर नाही.

तरीही मी मागचे घरीच करा म्हणतो, आणि त्याचं कारण एक बोल्ट आहे. शॉकअपच्या खालच्या डोळ्यात रबराचा बुश असतो. गाडी वर टांगलेली असताना, चाकं लोंबत असताना तो बोल्ट पूर्ण आवळला की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि बुश वेळेआधी फाटतो. बरोबर पद्धत म्हणजे बोल्ट हातानं बसवायचा, गाडी चाकांवर येऊ द्यायची, किंवा ॲक्सलखाली जॅक घेऊन वजन त्यावर येईपर्यंत उचलायचं, आणि मग मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचनं आवळायचं. दिवसाला चार-पाच गाड्या काढायच्या घाईत असलेला मेस्त्री इम्पॅक्ट गन लावतो आणि टांगलेल्या गाडीतच आवळून मोकळा होतो. दुसरी गोष्ट, वरचा नट सोडताना दांडा फिरतो म्हणून तो चकचकीत दांडा पक्कडीनं धरतात, त्यावर ओरखडा पडला की नवीन शॉकअपचं सील तिथनंच फाटायला लागतं. दांड्याच्या टोकाला धरायला खाच दिलेली असते, तिथं ॲलन की किंवा छोटा पाना लावायचा असतो. हे दोन्ही स्वतः नीट करता येतं.

घरी करणाऱ्यांनी जागा बघून घ्या. खानापूर-जांबोटीकडच्या लाल मातीच्या अंगणात जॅक सरळ रुततो, खाली जाड फळी पाहिजे. शहाबादी फरशीवर सगळं वजन एका बिंदूवर आलं की फरशी तडकते, तिथंही फळीच. आणि स्टँड नाहीत म्हणून सिमेंटचे पोकळ ब्लॉक नाहीतर विटा लावायच्या, हे अजिबात नको, ब्लॉक फुटतो तेव्हा आधी सांगत नाही. अजून एक, बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो, म्हणजे मागनं गाडी उचलली की हँडब्रेक ओढून काही उपयोग नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर पहिल्या गियरमध्ये ठेवा. ओम्नी-बोलेरोत इंजिन मागची चाकं ओढतं, तिथं गियरचाही भरवसा नाही, ठोकळेच खरे.

पावसाळी चिखलानं खालचा बोल्ट गंजलेला असतो, आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. एका वेळी एकच बाजू सोडा, दुसरी लागलेली असू दे. आणि खालचा बोल्ट काढायच्या आधी ॲक्सलला जॅकचा टेका द्या, कारण बऱ्याच गाड्यांत ॲक्सल खाली किती लोंबायचा ते शॉकअपच धरून असतो, तो सुटला की ॲक्सल खाली येतो, ब्रेकची होज ताणते आणि स्प्रिंग जागा सोडते. नवा शॉकअप उभा धरून चार-सहा वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्या, आडवा पडून आत हवेचे बुडबुडे झालेले असतात ते निघतात. गॅसवाला असेल तर पट्टा सोडल्यावर तो आपोआप उघडतो, हात सांभाळा.

आता बाहेर करायचं तर मेस्त्री की सर्व्हिस सेंटर. सर्व्हिस सेंटरला बिल व्यवस्थित, पार्टची वॉरंटी, गाडीच्या रेकॉर्डला नोंद, पण मजुरी जास्त, गाडी आत गेली की काय चाललंय ते दिसत नाही, आणि बाहेरनं आणलेला पार्ट बहुतेक ठिकाणी लावत नाहीत. गाडी वॉरंटीत असेल तर मी डोळे झाकून तिकडंच जाईन. वॉरंटी संपली असेल तर पुढच्या स्ट्रटसाठी ऑटोनगरात किंवा आपल्या भागातला माहितीतला मेस्त्री बरा, तिथं समोर उभं राहता येतं. पण उभं राहून काय बघायचं? त्याच्याकडं स्टँडवाला स्प्रिंग कंप्रेसर आहे का ते. तारेनं नाहीतर साखळीनं स्प्रिंग बांधून काम करतो असं दिसलं तर चहा घेऊन, गोड बोलून तिथनं निघा. बुश प्रेस करून बसवायचा असेल तर उद्यमबागेत लेथ-प्रेसवाले आहेत, हातोडीनं ठोकून घेऊ नका.

आणि "एकच घाला की ओ, दुसरा बरा हाय" असं कोण म्हणालं तर ऐकू नका. एका ॲक्सलचे दोन्ही एकदम बदलायचे, नाहीतर एक बाजू कडक एक मऊ, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर ते कळतं. चारही एकदम बदललेच पाहिजेत असं मात्र नाही, बजेट कमी असेल तर जी जोडी गळतीय ती आधी.

पार्टमध्ये तीन प्रकार समोर येतात. गाडीच्या कंपनीचा ओरिजिनल, गॅब्रिएल किंवा मन्रोसारखा बाहेरचा ब्रँड, आणि जुनाच उघडून सील-तेल बदलून रंग मारलेला. पहिल्या दोनमध्ये मला फारसा फरक वाटत नाही, जो लवकर आणि पक्क्या बिलासकट मिळेल तो घ्या, गॅब्रिएल तर गाडी कंपन्यांना पण माल देते. तिसरा प्रकार स्वस्त असतो, पण झिजलेला व्हॉल्व्ह आणि ओरखडे पडलेला दांडा तसाच राहतो, नवीन असतं ते फक्त तेल. महिन्याभरात विकायच्या गाडीला कोण लावत असेल तर लावू दे, बायकापोरं घेऊन आंबोली उतरणाऱ्या गाडीला नको. पुढचा स्ट्रट उघडलाच आहे तर माउंटिंग, बेअरिंग आणि आतला रबरी स्टॉपर पण नवीन टाका, चार पैसे वाचवायला जुने ठेवले तर परत तीच मजुरी.

"कोल्हापुरातनं आणला तर स्वस्त पडतो" हे अजून चालूच आहे. जकात आणि व्हॅटच्या काळात त्यात तथ्य असेल, पण १ जुलै २०१७ पासून जीएसटी दोन्हीकडं सारखाच आहे आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तर ऑटो पार्टना सरसकट १८ टक्के. बेळगावची केए २२ असो नाहीतर कोल्हापूरची एमएच ०९, टॅक्समध्ये फरक शून्य. दुकानदार किती सोडतो एवढाच प्रश्न, आणि त्यासाठी कोगनोळीचा टोल भरून जायचं का ते तुम्ही बघा. पार्ट खराब निघाला तर बदलायला परत तिकडंच जावं लागतं, हे पण धरा.

वेळेचं म्हणाल तर बहुतेक जण पावसाळा संपायची वाट बघतात, "खड्ड्यांत नवीन कशाला घालवायचा" म्हणून. मला ते उलटं वाटतं. चाक रस्त्याला चिकटून राहायची गरज सगळ्यात जास्त पावसातच असते, म्हणून मे महिन्यातच बदला, तेव्हा अंगण कोरडं असतं आणि गॅरेजातही दिवाळीसारखी गर्दी नसते.

नवीन शॉकअप घालूनही गाडी घुमल्यासारखा आवाज करत राहिली तर लगेच मेस्त्रीशी भांडायला जाऊ नका. टायरला आधीच खळगे पडलेले असतील तर तो आवाज टायरचा असतो आणि शॉकअपनं ते खळगे भरत नाहीत. टायर पुढं-मागं बदलून बघा, आवाज जागा बदलतो का ते कळेल. टायर अगदीच गेलेले असतील तर ते आधी बदला आणि अलाइनमेंट त्यानंतर करा, म्हणजे अलाइनमेंटचे पैसे दोनदा जाणार नाहीत.